धूमकेतूचे एकशे त्रेचाळीस दोष

कारखान्यात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे चाळणी. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं तिला जास्त आवडायचं. कारखाना प्रेशर गेज बनवायचा, म्हणजे वाफेच्या नाहीतर गॅसच्या टाकीवर बसवतात ते काटेवाले गोल मीटर. त्यातला एकही मीटर तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. काचेवरचा केसाएवढा ओरखडा तिला दिसायचा. काटा शून्याच्या जरासा अलीकडे रेंगाळला तरी दिसायचा. स्क्रू नीट बसला नाही हे तर ती नुसतं अंगठ्याने चाचपून सांगायची. मशीनवरची मंडळी म्हणायची, ही बाई आरशासमोर उभी राहिली तर आधी आरशात दोष काढेल.

दोष सापडला की ती आवाज चढवत नसे, कोणाला टाकून बोलत नसे. छापील दोषनोंदीचा कागद पुढे ओढायची आणि रकाने भरायची: क्रमांक, जागा, दोष, तीव्रता, शेरा. तीव्रता तीनच प्रकारची, किरकोळ, मोठी आणि गंभीर. भरलेला कागद समोरच्याकडे सरकवायची आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. तेही तिला दिसायचं, कारण तिला सगळंच दिसायचं, आणि असे चार-पाच पडलेले चेहरे रोज संध्याकाळी तिच्याबरोबर घरी यायचे. सत्तावीस वर्षं झाली तरी त्याची सवय म्हणून झाली नव्हती.

अशा या बाईचं सहा वर्षांपासून एक लफडं चालू होतं.

ते चालायचं रविवारी दुपारी दोन ते चार, घराचे पडदे ओढून आणि फोन उशीखाली घालून. नवरा औषधांच्या दुकानात कामाला होता. सुटीच्या दिवशी जेवण झालं की तो "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडायचा तो चारच्या आधी उगवायचा नाही. दोन-दोन तास मोकळे होणारे पाय एव्हाना गळून पडायला हवे होते, पण तिने कधी चौकशी केली नाही. दार लागलं की ती कपाटातल्या चादरींच्या खालून एक डीव्हीडी काढायची. कव्हरवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं 'धूमकेतूचा सूड', आणि त्याखाली 'थरारक! भव्य! संपूर्ण रंगीत!' डीव्हीडी प्लेअर घेतला तेव्हा दुकानदाराने अशा पाच चकत्या फुकटात गळ्यात मारल्या होत्या. चार चालल्याच नाहीत. पाचवी चालली आणि बाई बिघडली.

चित्रपटाची गोष्ट अशी: धूमकेतूवर एक महाराणी राहते. पृथ्वीवरच्या शास्त्रज्ञांनी दुर्बिणीतून तिच्याकडे परवानगी न घेता पाहिलं म्हणून ती खवळते आणि पृथ्वीचा नायनाट करायला निघते. तिचं अफाट सैन्य सात जणांचं. तेच सात जण खडकाआडून धावत येतात, कॅमेऱ्यामागून वळसा घालतात आणि पुन्हा धावत येतात, आणि चौथा दर वेळी लंगडत असतो. प्राणघातक किरण सोडणारी बंदूक म्हणजे केस वाळवायचं यंत्र, मागे वायर लोंबतेय. अंतराळवीरांच्या शिरस्त्राणांना काचच नाही, त्यामुळे जिथे श्वास घ्यायला हवा नाही तिथे नायक खुशाल बोट घालून नाक खाजवतो. आणि एकोणचाळिसाव्या मिनिटाला महाराणी दोन्ही हात पसरून गरजते, "या भूमीवर कुठलाही सजीव जगू शकत नाही!" तेव्हा तिच्या गालावरून एक माशी सावकाश चालत जाते.

पहिल्या वेळी ती हसता हसता खुर्चीवरून खाली आली होती. मग सवयीने हात कागदाकडे गेला. कारखान्याने दोषनोंदीचा नमुना बदलला तेव्हा जुन्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा रद्दीत चालला होता, तो तिने घरी आणून ठेवला होता. 'दोष: माशी. जागा: महाराणीचा डावा गाल. तीव्रता: गंभीर. शेरा: सजीव आहे.' वरच्या 'वस्तूचे नाव' या ओळीत मात्र तिने कधी काही लिहिलं नाही. चोरी करायची तर नाव-पत्ता कशाला मागे ठेवा? महिन्यातून एक रविवार, महिना फारच वाईट गेला तर दोन, असं करत तिने तो चित्रपट चौऱ्याऐंशी वेळा पाहिला होता. कॅन्टीनमध्ये सिनेमाची गोष्ट निघाली की ती चहाचा कप खाली ठेवून म्हणायची, "मी असलं काही बघत नाही बाई. तर्काला सोडून काही दिसलं की माझं डोकं उठतं."

तिला त्यात काय मिळायचं? सोपं होतं. आठवडाभर ती जो दोष काढायची त्याने कोणाचा तरी चेहरा पडायचा. इथे दोष सापडला की नुसती मजा यायची आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं. निदान तिची तशी ठाम समजूत होती.

त्या रविवारी तिने कारखान्याचं एक काम घरी आणलं होतं. पॅकिंग विभागातल्या लाकडी खोक्यांची तपासणी तिने शुक्रवारी केली होती. नोंदीच्या कागदावर चहा सांडला, म्हणून घरी नवा कागद लिहून काढायचा होता. काम पाच मिनिटांचं, कारण खोकी करायचे पेटीकाका. हे पेटीकाका म्हणजे कारखान्यातले सुतार, साठीला टेकलेले, बावीस वर्षं मीटरची खोकी करणारे. त्यांचं खोकं असं असायचं की उघडणाऱ्याला खिळे उपटताना वाईट वाटावं. त्यांच्या कागदावर आजवर तिला दोन ओळींच्या पुढे जाता आलं नव्हतं. दोघांमध्ये बोलणं बेताचंच, पण मान भरपूर.

तिने दोन ओळी लिहिल्या, कागद टेबलावर ठेवला आणि चित्रपट लावला. आणि काय सांगावं, त्या दिवशी चौऱ्याऐंशीव्या वेळी तिला नवीन दोष सापडला! महाराणीच्या सिंहासनाखाली कोणाची तरी चप्पल होती. एक पाय, अंगठा तुटलेला. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून पाहूनही ती निसटली होती. बाईला इतका आनंद झाला की तिने जुने सगळे कागद काढले आणि एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस दोष मिनिटांच्या क्रमाने, सुवाच्य अक्षरात, आठ पानांवर पुन्हा उतरवून काढले. नवरा आला तेव्हा टेबलावरचं सगळं तिने घाईघाईने आवरलं. सोमवारी सकाळी एक लिफाफा पॅकिंग विभागात पोचता केला आणि विषय संपला.

मंगळवारी पॅकिंगचे सुपरवायझर तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही पेटीकाकांना असं काय लिहिलंत?"

"दोन ओळी. दोन्ही किरकोळ."

"दोन ओळी वाचून माणूस हत्यारं पिशवीत भरतो होय? काल दुपारी लिफाफा उघडला, बराच वेळ वाचत बसले, मग उठले आणि चालू लागले. म्हणाले, राजीनामा पाठवून देतो. आता या वयात हे नको. फोनही उचलत नाहीत."

तिने पर्स उघडली. आतल्या कप्प्यात दोन ओळींचा नवा करकरीत कागद होता. बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

तिला आधी काळजी वाटली ती स्वतःची. असं सांगायला नको, पण खरं आहे. आठ पानं! माशी, चप्पल, केस वाळवायचं यंत्र, सगळं तिच्या अक्षरात आणि खाली सवयीने ठोकलेली सही. कॅन्टीनमध्ये आता काय तोंड दाखवणार? सहीचा विचार करता करता मग तिच्या लक्षात आलं की यात काहीतरी जुळत नाही. असा कागद वाचून माणूस हसेल, बाई कामातून गेली म्हणेल, चार जणांना दाखवेल. हत्यारं भरून घरी का जाईल?

सुटी झाल्यावर ती सुपरवायझरकडून पत्ता घेऊन तशीच निघाली. पेटीकाकांचं घर दोन खोल्यांचं होतं. दार काकूंनी उघडलं, आणि एवढ्या घाईतही तिला दिसलंच की दार चौकटीत असं बसलंय की मधून कागद जाणार नाही.

"या," काकू म्हणाल्या. "वाट बघत होतो असं नाही, पण या."

काका खिडकीजवळ बसले होते. समोर तीच आठ पानं, कडा जुळवून ठेवलेली. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काय सांगितलं, काका?"

"की ते मी केलं होतं." त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. "क्रमांक एकतीस. जागा, यानाचं दार. दोष, कडी स्वयंपाकघरातल्या कपाटाची आहे. तीव्रता मोठी. शेरा, उड्डाणात दार उघडू शकतं." चष्मा खाली आला. "माझ्या आईच्या कपाटाची कडी होती ती, मॅडम. तिला विचारून काढली होती."

ती जी स्टुलावर बसली ती धपकन. "म्हणजे ते 'धूमकेतूचा सूड'... ते यान तुम्ही..."

"यान मी केलं, सिंहासन मी केलं. खडकसुद्धा मीच. तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणता?"

"देवाशपथ नाही! काका, तो कागद चुकून आला. तुमचा हा." तिने पर्समधून दोन ओळींचा कागद काढून दाखवला. "हे माझं घरचं... म्हणजे माझं खासगी आहे."

काकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मग ते बोलायला लागले, आणि एकदा लागले ते थांबेनात. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. सहा महिने रात्रंदिवस खपून त्यांनी एका बंद पडलेल्या गोदामात धूमकेतू उभा केला. पत्रा, पुठ्ठा, पिंपं, मिळेल ते घेतलं. चित्रपट लागला त्या दिवशी आईला नवी साडी नेसवून पहिल्या खेळाला घेऊन गेले.

"पाच मिनिटांत लोक हसायला लागले. मला वाटलं, पुढे थांबतील. नाही थांबले. मध्यंतरानंतर तर शिट्ट्या. आई मला म्हणत होती, छान केलंयस हो, छान केलंयस. दिवे लागायच्या आधी मी तिला हाताला धरून बाहेर काढलं. ते काम सोडलं ते सोडलंच. मग खोकी करायला लागलो. खोक्याला कोणी हसत नाही."

काकूंनी चहा आणून ठेवला. ज्या मजेत कोणाचं काही बिघडत नाही असं ती समजत होती, त्या मजेचा मालक तिच्यासमोर बसला होता. 'मी हसत नाही' एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण सत्तावीस वर्षांत तिने कधी खोटी नोंद केली नव्हती.

"मी हसते," ती म्हणाली. "काका, तुमच्यापुढे खोटं कशाला बोलू? पोट दुखेपर्यंत हसते. पण मी तो चौऱ्याऐंशी वेळा पाहिलाय."

"चौऱ्याऐंशी?" काकूंचा हात बशीवरच थांबला.

"कोणाला सांगू नका."

"म्हणजे चौऱ्याऐंशी वेळा हसलात," काका म्हणाले.

"अहो, नुसतं हसायलाच बघायचं तर माणूस दोनदा बघेल. फार तर तीनदा. मला तो आवडतो हो! का ते मला सांगता येत नाही. मला दोष सांगता येतात, दुसरं कुठे काय सांगता येतं?"

काकांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती. त्यांनी पाचवं पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"मग हे सांगा. पंच्याण्णवावा दोष एक्कावन्नाव्या मिनिटाला. शहाण्णवावा छप्पन्नाव्या. बाकी मिनिटाला दोन-दोन, तीन-तीन दोष काढलेत. मधली पाच मिनिटं कुठे गेली?"

"तिथे काही नाही."

"तिथे होडी आहे."

होडी म्हणजे काय ते तिला सांगायची गरज नव्हती. मुख्य यान पेट घेतं. सुटकेची होडी एकच, आणि तीत जागा एकाच माणसाची. म्हातारी वैमानिक त्या होडीत एका लहान मुलीला बसवते आणि स्वतः मागे राहते. मग ती इवलीशी होडी, एक दिवा लावून, अख्खा काळोख ओलांडून पृथ्वीकडे जाते.

"होडीला बांधलेला दोरा दिसतो, मॅडम," काका म्हणाले. "पांढरा. पडद्याच्या वरच्या कडेपासून थेट होडीपर्यंत. काळा संपला होता आणि कॅमेरा त्याच संध्याकाळी परत करायचा होता. वर फळीवर पालथा पडून तो दोरा मीच धरला होता. थिएटरात सगळ्यात मोठा हशा पडला तो तिथे. लहान पोरंसुद्धा बोट दाखवत होती. आणि तुम्हाला तो दिसला नाही? तुम्हाला?" त्यांचा आवाज जरा चिरकला. "दया आली म्हणून सोडलात. बाकीचे एकशे त्रेचाळीस मी गिळले असते. हे नाही गिळवत. दया नको मला."

"मी दया करत नाही," बाई ताठ बसली. "कारखान्यात कोणालाही विचारा."

"मग दोरा का नाही लिहिला?"

"कारण तिथे दोरा नाही."

"आहे!"

"नाही!"

"अहो, मी धरला होता!"

"मी चौऱ्याऐंशी वेळा पाहिलंय!"

आता दोघंही उभी होती. आपापल्या कामात कधी हार न मानलेली दोन माणसं एका दोऱ्यावरून हातघाईवर आली होती, आणि मध्ये चहा निवत होता. शेवटी काकूंनी कप उचलून एकेकाच्या हातात दिला.

"भांडता कशाला? लावून बघा. मीही बघीन. आमच्या लग्नाआधीचा तो, आणि यांनी मला त्याचं नावसुद्धा काढू दिलं नाही."

"मी नाही बघायचा," काका म्हणाले.

"रविवारी दोन वाजता," बाई म्हणाली. "माझ्या घरी. दोरा दिसला तर तुमच्यासमोर गंभीर म्हणून नोंद करते आणि सही करते. नाही दिसला तर सोमवारी कामावर यायचं. तोवर राजीनामा पाठवायचा नाही."

घरी जाताना तिने सगळं मनात पुन्हा तपासून पाहिलं. माणसाने स्वतःच्या हाताने दोरा धरला होता. तो असणारच. रविवारी तो तिला दिसणार, ती लिहिणार, कारण लिहिल्यावाचून तिला राहवणार नाही, आणि बावीस वर्षं मान वर करून काम केलेला माणूस तिच्या सहीने घरी बसणार. शनिवारी दुपारी तिने नुसती होडीच लावून बघावी असा विचार केला, चादरींखाली हातही घातला, आणि मग काढून घेतला. तपासणीच्या आधी तपासणी करणं तिच्या नियमात बसत नव्हतं.

रविवारी जेवण झाल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "आज पाहुणे येणार आहेत. एक चित्रपट बघायचाय. म्हणजे जरा... वेगळा आहे."

"'धूमकेतूचा सूड' ना?" नवरा टॉवेलला हात पुसत म्हणाला. "आज तरी मला बसू दे बाई. सहा वर्षं कोपऱ्यावरच्या बागेत बाकावर काढतोय. तिथल्या माळ्याला वाटतं मला घर नाही."

"तुला माहीत होतं?"

"तू हसतेस ते कोपऱ्यापर्यंत ऐकू येतं. म्हटलं, आठवडाभर हसत नाही, इथे हसते, तर हसू दे. मी आलो तर थांबशील."

तिने त्याच्या हातातला टॉवेल घेऊन त्याची उगाचच घडी केली.

दोनला पाच मिनिटं असताना काकू काकांना घेऊन आल्या. धरूनच आणलं होतं. काकांनी दाराजवळची खुर्ची धरली, म्हणजे केव्हाही उठून जाता यावं. बाईने मांडीवर कोरा कागद घेतला, हातात पेन्सिल, आणि चित्रपट सुरू झाला.

पहिली वीस मिनिटं कोणी हसेना. नवरा हसू दाबून दाबून लालबुंद झाला होता आणि बाई तर श्वाससुद्धा मोजून घेत होती. सैन्य एकदा धावलं, दुसऱ्यांदा धावलं. चौथा सैनिक लंगडत गेला. तेवढ्यात दारापासून आवाज आला.

"त्याच्या पायात माझा खिळा गेला होता."

सगळ्यांनी वळून पाहिलं. काका पडद्याकडे बघत होते. "त्याला म्हटलं घरी जा. तर म्हणाला, मी गेलो तर सैन्य सहाचं होईल."

काकूंना पहिलं हसू फुटलं. मग एकोणचाळिसावं मिनिट आलं, महाराणीने हात पसरले, कुठलाही सजीव जगू शकत नाही म्हणाली, माशी निघाली, आणि काकू अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. "तीन दिवस हाकलत होतो तिला," काका म्हणाले. "शेवटी दिग्दर्शक म्हणाला, तिलाही घ्या." आता नवरा आडवा झाला होता. काकांची खुर्ची केव्हा दारापासून सोफ्याजवळ आली ते कोणाला कळलं नाही. बाईने टिपलेले दोष ते मान्य करत होते आणि तिच्याकडून सुटलेले स्वतःहून सांगत होते. "तो डोंगर बघा, डावीकडचा. त्यावर माझ्या हाताचा पंजा उमटलाय. रंग ओला होता." बाई भराभर लिहून घेत होती. एकशे चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस. सिंहासनाखालच्या चपलेपाशी तर ते ओरडलेच, "अरे, माझी चप्पल! मी आठ दिवस शोधत होतो!" या वेळी मात्र त्यांना स्वतःलाच हसू आवरेना.

मग एक्कावन्नावं मिनिट आलं आणि काका खुर्चीत ताठ झाले. हात गुडघ्यांवर घट्ट. बाईने पेन्सिल सरसावली.

म्हातारीने मुलीला होडीत बसवलं. मुलीने विचारलं, "तू?" म्हातारी म्हणाली, "मी मागून येते." होडी सुटली.

या जागी पार्श्वसंगीत नव्हतं. पडदाभर काळोख आणि त्यात तो एक दिवा, जरा वर, जरा खाली, हेलकावत निघालेला. बाई खुर्चीच्या कडेला आली. डावा हात तोंडावर गेला. चौऱ्याऐंशी वेळा ती होडी पोचलेली तिने पाहिली होती, आणि तरी तिला वाटत होतं, आज नाही पोचली तर? हातातली पेन्सिल घरंगळून सोफ्याखाली गेली.

"बघा ना, पोर कशी घाबरत घाबरत जातेय," ती पुटपुटली.

"माझा हात थरथरत होता," काका हळूच म्हणाले. तिला ते ऐकू गेलं नाही.

पडद्यावर दोरा होता. चांगला जाडजूड, पांढराशुभ्र, वरपासून खालपर्यंत. नवऱ्याने बोट दाखवून तोंड उघडलं, "अगं, हा तर चक्क..." काकूंनी बशीतलं बिस्किट त्याच्या उघड्या तोंडात घातलं आणि डोळे वटारले. तो बिस्किट चावत बसला.

काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते बाईकडे बघत होते.

दिवा निळ्या गोळ्यापाशी आला आणि टेकला. बाईने इतका वेळ धरलेला श्वास सोडला. "पोचली," ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

"दिसला?" काकांनी विचारलं.

"काय?"

आणि मग तिला आठवलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. मांडीवरचा कागद त्या जागी कोरा होता, हातात पेन्सिलसुद्धा नव्हती. "काका, मी... मी बघायचंच विसरले हो. असं कधी होत नाही माझं. थांबा, मागे घेते, परत बघते. या वेळी नीट बघते." ती रिमोट शोधायला लागली.

रिमोट काकांच्या हातात होता. त्यांनी तो दिला नाही.

"मला वाटलं होतं, त्या दिवशी सगळ्यांनी दोराच बघितला," ते म्हणाले. "होडी कोणी बघितलीच नाही असं वाटलं होतं."

"मागे घ्या ना, काका. नोंद करायला हवी."

"राहू दे. तुमचंच बरोबर होतं. तिथे दोरा नाही."

"पण तुम्हीच तर म्हणत होता..."

"मी केलंय ते. मला ठाऊक नसणार?" त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. "सोमवारी येतो मी. आता गप्प बसा सगळे आणि पुढचं बघा. माझा खडक कोसळायचाय अजून."